‘मला बोलता येत नाही’ आणि आठ आठवड्यांचा स्वसंवाद : एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

‘मनात स्वतःशी जे बोलता ते बदला, म्हणजे स्वतःविषयीच्या धारणा बदलतील,’ असे आश्वासन देणारा आठ आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पुरा केला. पुरा केला हे मुद्दाम सांगते, कारण या अभ्यासक्रमाचा पहिला आठवडा हा त्याचा सर्वांत कच्चा भाग आहे आणि तेवढ्यावरून मत बनवणाऱ्याला, मत चांगले असो वा वाईट, त्यात खरोखर काय आहे ते कळणार नाही. अभ्यासक्रमाचे नाव येथे देत नाही. माझ्या काही तक्रारी बऱ्याच कडक आहेत आणि त्या एकट्या याच अभ्यासक्रमाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. याच साच्यातले आणखी दोन अभ्यासक्रम मी पूर्वी अर्ध्यावर सोडले आहेत आणि त्यांतही हेच दोष होते.

रचना साधी आहे. आठवड्याला पाच ध्वनिमुद्रणे, प्रत्येक दहा-बारा मिनिटांचे. सोबत एक कार्यपुस्तिका. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र भेटून मार्गदर्शकांना प्रश्न विचारायचे तासाभराचे सत्र. आणि दिवसातून तीन वेळा ‘स्वतःशी चांगले बोललात का?’ असे विचारणारे मोबाइलवरचे अ‍ॅप. मुद्रण स्वच्छ आहे, निवेदिकेचा आवाज शांत आहे आणि भाषा बोजड नाही. मागे वाजणारे संगीत मात्र बंद करता येत नाही, त्यामुळे एखादे वाक्य लक्षपूर्वक ऐकायचे असले की बासरीशी झगडावे लागते.

मी हा अभ्यासक्रम घेतला त्याचे कारण एक वाक्य होते : ‘मला चारचौघांत बोलता येत नाही.’ मी लिहिते बऱ्यापैकी. कामाच्या ठिकाणचे अहवाल, निवेदने, प्रस्ताव बहुतेक माझ्याच हातून उतरतात. परंतु ते मांडायची वेळ आली की मी कागद दुसऱ्याच्या हाती देते आणि मागच्या रांगेत बसते. इतकी वर्षे हे इतके सुरळीत चालले होते की त्यात काही बिघडले आहे असे कोणालाच वाटले नाही, मलाही नाही. धारणा ही नेहमी बोचत असते असे थोडेच आहे? काही धारणा चांगल्या उबदार असतात. माझ्या या वाक्याने मला कितीतरी संध्याकाळच्या धास्तीतून सोडवले होते, आणि ते वाक्य टिकून राहण्याचे खरे कारण बहुधा तेच होते.

पहिले दोन आठवडे घोषणांचे आहेत, ज्यांना अभ्यासक्रमात ‘अफर्मेशन’ म्हटले आहे. नको असलेले वाक्य उलटे करायचे आणि ते आरशासमोर उभे राहून सकाळ-संध्याकाळ म्हणायचे. माझे वाक्य उलटून आले ते असे : ‘मी एक प्रभावी आणि आत्मविश्वासपूर्ण वक्ता आहे.’ हे मी चौदा दिवस म्हटले. सहाव्या दिवसापासून एक विचित्र गोष्ट सुरू झाली. वाक्य संपते न संपते तोच आतून उत्तर येऊ लागले : ‘असे? मग परवाच्या बैठकीत तोंड का उघडले नाहीस?’ पूर्वी ही जुनी धारणा महिन्याकाठी एकदा डोके वर काढत असे. आता ती दिवसातून दोनदा, अगदी वेळेवर, पुराव्यांसह हजर होऊ लागली.

याबद्दल मी सत्रात विचारले तेव्हा ‘जुने मन प्रतिकार करते, चिकाटी ठेवा’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर अपुरे आहे, कारण माझ्या बाबतीत जे घडले ते मानसशास्त्रात नोंदलेले आहे. २००९ मध्ये कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअ‍ॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही जणांना मनात येणारे विचार चार मिनिटे लिहायला सांगितले होते आणि दर पंधरा सेकंदांनी घंटा वाजली की स्वतःशी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असे म्हणायचे होते. ज्यांचे स्वतःविषयीचे मत आधीच चांगले होते त्यांना याने किंचित बरे वाटले. ज्यांचे मत वाईट होते त्यांना, हे वाक्य न म्हणणाऱ्या तशाच लोकांच्या तुलनेत, अधिक वाईट वाटले. म्हणजे ज्याला औषधाची गरज त्यालाच ते बाधते. अभ्यासक्रम तयार करणाऱ्यांना हे ठाऊक नसावे, किंवा ठाऊक असून सोयीचे नसावे.

गंमत अशी की, याच दोन आठवड्यांत एमिल कुए या फ्रेंच औषधविक्रेत्याची गोष्ट मोठ्या आदराने सांगितली आहे. कुए (१८५७–१९२६) यांनी स्वयंसूचनेचा मार्ग लोकप्रिय केला. आपण दिवसेंदिवस सर्व बाजूंनी सुधारत आहोत अशा अर्थाचे एक वाक्य ते लोकांना रात्री झोपताना आणि सकाळी उठताना वीस-वीस वेळा म्हणायला सांगत, आणि मोजणीत मन गुंतू नये म्हणून वीस गाठी मारलेली दोरी हाती ठेवायला सांगत. ध्वनिमुद्रणात ही दोरी आहे, वाक्य आहे, त्यांची कीर्ती आहे. राहून गेला आहे तो त्यांचा मुख्य सिद्धांत. इच्छाशक्ती आणि कल्पना यांची झुंज लागली की कल्पनाच जिंकते, म्हणून जोर लावू नका, असे कुए बजावत असत. दात-ओठ खाऊन ‘मी प्रभावी वक्ता आहे’ म्हणणे हे त्यांच्याच नियमाने फसणारे आहे. शिवाय त्यांचे वाक्य ‘सुधारत आहे’ असे होते, ‘झालो आहे’ असे नव्हते. तेवढ्याने ते खोटे ठरण्यातून वाचत होते.

तिसरा आठवडा ‘मूळ प्रसंग’ शोधण्याचा आहे. डोळे मिटून मागे मागे जायचे आणि ज्या दिवशी ही धारणा मनात रुजली तो दिवस पकडायचा. माझ्या सोबतच्या कित्येकांना तो मिळाला : कोणाची भर वर्गात झालेली फजिती, कोणाला घरच्यांनी मारलेला टोमणा. मला असे काहीच सापडले नाही. तीन दिवस प्रयत्न केल्यावर शाळेतल्या एका कार्यक्रमाचे धूसर चित्र समोर आले, आणि चौथ्या दिवशी त्या चित्रात हसणारी मुलेही दिसू लागली; तेव्हा मात्र मी वही मिटली. ती मुले खरोखर हसली होती की कार्यपुस्तिकेतला रकाना रिकामा दिसू नये म्हणून मी त्यांना हसवले, हे मला सांगता येईना. स्मृती ही प्रत्येक आठवणीबरोबर थोडी नव्याने रचली जाते आणि सूचनेला सहज बळी पडते हे चांगले सिद्ध झालेले आहे. मग ‘प्रसंग असतोच, तुम्हाला अजून दिसला नाही’ असा आग्रह कशासाठी? माझी धारणा एका घावातून आली नव्हती. ‘लिहायचे मी, बोलायचे दुसऱ्याने’ या वर्षानुवर्षांच्या सोयीच्या वाटणीतून ती साचत गेली होती, आणि साचलेल्या गोष्टीला जन्मतिथी नसते.

मी येथेच थांबले असते. चौथ्या आठवड्याची पहिली पाच मिनिटे केवळ पैसे भरले आहेत म्हणून ऐकली, आणि या परीक्षणाचे कारण तोच आठवडा आहे.

या आठवड्यात धारणेला उलटे करायला सांगत नाहीत; तिला भाकिताच्या रूपात लिहायला सांगतात. ‘मला बोलता येत नाही’ हे विधान इतके सैल आहे की ते कधी खोटे ठरूच शकत नाही. चांगले बोललात तर ‘आज नशीब बरे होते’ असे म्हणून ते पुन्हा उभे राहते. म्हणून कार्यपुस्तिका विचारते : कोणत्या दिवशी, कोणासमोर, किती मिनिटे, आणि नेमके काय बिघडेल? बोलण्याआधी पहिल्या रकान्यात भाकीत लिहायचे आणि ते खरे ठरेल याची आपल्याला किती टक्के खात्री वाटते तो आकडा टाकायचा. बोलून झाल्यावर त्याच दिवशी दुसऱ्या रकान्यात प्रत्यक्ष काय घडले ते, आणि तेही कॅमेऱ्याला दिसेल तेवढेच, लिहायचे. ‘सगळ्यांना मी मूर्ख वाटले’ हे कॅमेऱ्याला दिसत नाही, ‘दोघांनी घड्याळाकडे पाहिले’ हे दिसते. तिसऱ्या रकान्याचे शीर्षक आहे ‘मग काय झाले?’

माझे पहिले भाकीत असे होते : ‘साप्ताहिक बैठकीत तीन मिनिटे बोलताना मी निदान तीनदा अडखळेन, आवाज कापेल, आणि कोणीतरी माझे वाक्य पुरे करील. खात्री ८० टक्के.’ प्रत्यक्षात मी दोनदा अडखळले. आवाज कापला की नाही हे मला कळले नाही. माझे वाक्य कोणी पुरे केले नाही, कारण निम्मे लोक समोरच्या कागदांत डोके घालून बसले होते, आणि एकाने आकडेवारीबद्दल प्रश्न विचारला ज्याचे उत्तर मला माहीत होते. यात विजय वगैरे काही नव्हता. परंतु भाकीत आणि घटना शेजारी-शेजारी, माझ्याच हस्ताक्षरात होती, आणि त्यांच्यातले अंतर नाकारायला जागा नव्हती.

पाचव्या नोंदीत भाकीत खरे ठरले. दहा मिनिटांच्या मांडणीत मी मध्येच पूर्ण थांबले, सुचेना, आणि ते सर्वांच्या लक्षात आले. पहिल्या दोन आठवड्यांच्या पद्धतीत या प्रसंगाला जागाच नव्हती. ‘मी प्रभावी वक्ता आहे’ हे वाक्य त्या दिवशी कायमचे मोडले असते. तक्त्यात मात्र तिसरा रकाना होता. मग काय झाले? मी टिपण पाहिले, ‘जरा थांबते’ असे म्हटले, आणि पुढे बोलले. दुपारी एका सहकाऱ्याने तोच मुद्दा पुन्हा समजावून मागितला. अडकणे ही भीती वाटत होती तितकीच अप्रिय गोष्ट निघाली, परंतु ती शेवटची गोष्ट नव्हती. सहा आठवड्यांनंतर मी जेव्हा सर्व नोंदी एकत्र वाचल्या तेव्हा खात्रीचा आकडा ८० वरून ३५ पर्यंत उतरला होता. त्याला मी उतरायला सांगितले नव्हते.

हे तंत्र अभ्यासक्रमाने स्वतःचे असल्यासारखे सादर केले आहे, तसे ते नाही. विचार हा तपासून पाहण्याजोगा अंदाज आहे असे मानून रुग्णासोबत त्याची परीक्षा घेण्याची पद्धत अ‍ॅरन बेक या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात बोधात्मक उपचारपद्धतीतून (कॉग्निटिव्ह थेरपी) मांडली, आणि आपल्याला त्रास घटनेपेक्षा घटनेविषयीच्या समजुतीने होतो ही मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९५५ पासून करत होते. हे तंत्र का चालते याचा सर्वांत नेमका खुलासा मला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९७७ च्या लेखात दिसतो. ‘हे मला जमेल’ हा भरवसा चार वाटांनी येतो असे त्यांनी म्हटले : स्वतः करून मिळालेले यश, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणे, कोणी शब्दांनी दिलेला दिलासा, आणि त्या क्षणीची शरीराची अवस्था. यांत पहिली वाट सर्वांत भक्कम आणि शब्दांची वाट पुष्कळ दुबळी. या अभ्यासक्रमाचे पहिले दोन आठवडे दुबळ्या वाटेवर खर्ची पडतात आणि चौथा भक्कम वाटेवर. आठही आठवड्यांचे परीक्षण करायचे तर एवढे एक वाक्य जवळजवळ पुरेसे आहे.

मग स्वसंवादाचा उपयोग काहीच नाही का? आहे, आणि पाचवा आठवडा तो चांगला दाखवतो. येथे स्वतःशी ‘मी’ असे न बोलता स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून संबोधायला सांगितले आहे. मिशिगन विद्यापीठाच्या इथन क्रॉस यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणाआधी स्वतःचे नाव घेऊन विचार करणाऱ्यांचे भाषण ‘मी’ म्हणून विचार करणाऱ्यांपेक्षा सरस ठरले आणि नंतर त्यांना ओशाळेपणही कमी वाटले. आपल्यापैकी अनेकांना हे नवे वाटणार नाही. मनालाच हाक मारून त्याच्याशी बोलण्याची तऱ्हा मराठीला फार जुनी ओळखीची आहे. मला स्वतःला ‘तू’ म्हणताना पहिले दोन दिवस हसू आले, परंतु ‘मला भीती वाटते’ आणि ‘तुला भीती वाटते, ठीक आहे, पहिले वाक्य कोणते?’ यांत पडणारा फरक खरा आहे. दुसरे वाक्य आपोआप कामाकडे वळते. मैत्रिणीशी बोलताना आपण जितके समंजस असतो तितके स्वतःशी बोलताना नसतो, आणि सर्वनाम बदलले की तो समंजसपणा थोडा उसना मिळतो.

याच आठवड्यात घोषणेऐवजी प्रश्न विचारण्याचा सराव आहे : ‘मी बोलेन’ याऐवजी ‘मी बोलेन का?’ इब्राहिम सेने, डोलोरेस अल्बारासिन आणि केन्जी नोगुची या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की शब्दकोडी सोडवण्याआधी स्वतःला असा प्रश्न विचारणाऱ्यांनी निश्चय घोकणाऱ्यांपेक्षा अधिक कोडी सोडवली. माझ्यापुरते सांगायचे तर घोषणेला मन विरोध करते आणि प्रश्नाला उत्तर शोधते. ‘मी उद्या बोलेन का?’ असे विचारल्यावर आतून आले ते असे : ‘पहिले वाक्य पाठ असेल तर बोलशील.’ आरशाने चौदा दिवसांत इतके उपयुक्त काही सांगितले नव्हते.

सहावा आठवडा ‘माइंडसेट’चा आहे आणि येथे निवेदनाचा तोल सुटतो. क्षमता वाढू शकते असे मानणे आणि ती ठरलेलीच असते असे मानणे, हा मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी मांडलेला भेद महत्त्वाचा आहे. त्यांनी क्लॉडिया म्यूलर यांच्यासह १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, हुशारीबद्दल कौतुक झालेली मुले अपयशानंतर लवकर हात टेकत आणि मेहनतीबद्दल कौतुक झालेली टिकून राहत, असे दिसले होते. परंतु ‘माइंडसेट बदलला की आयुष्य बदलते’ हे येथे ज्या थाटात सांगितले आहे त्याला आधार नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संशोधनात अशा उपक्रमांचा शैक्षणिक कामगिरीवरचा सरासरी परिणाम अगदी अल्प आढळला. २०१९ मध्ये अमेरिकेतील सुमारे १२,००० नववीच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात, तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन पाठाने मागे पडलेल्या विद्यार्थ्यांची श्रेणी-सरासरी साधारण चार गुणांच्या मापावर सुमारे ०.१ ने वाढली. एवढ्या छोट्या पाठासाठी हे मुळीच तुच्छ नाही. फक्त ते ०.१ आहे, आणि ध्वनिमुद्रणातले संगीत ऐकून ते दहा असावे असे वाटते.

त्याच आठवड्यातली एक छोटी गोष्ट मात्र मी रोज वापरते. बोलण्याआधी छाती धडधडू लागली की ‘शांत हो’ म्हणण्याऐवजी ‘मला हुरूप आला आहे’ असे मोठ्याने म्हणायचे. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स या संशोधिकेच्या २०१४ च्या प्रयोगांत असे म्हणणाऱ्यांची भाषणे अधिक प्रभावी ठरली. धडधड तीच राहते, तिचे नाव तेवढे बदलते. आणि हे विधान खोटे नसल्यामुळे मनही वाद घालत नाही.

शेवटचे दोन आठवडे उजळणीचे आहेत. त्यांत ‘अमुक घडले तर मी तमुक करीन’ अशा आधीच ठरवलेल्या योजना लिहिण्याचा धडा चांगला आहे, आणि ‘२१ दिवसांत नवी धारणा पक्की होते’ हा दावा चुकीचा आहे. एकवीस दिवसांची ही समजूत प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६० च्या एका निरीक्षणातून पसरली, आणि त्यांनीही ‘निदान’ एकवीस दिवस असे म्हटले होते. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले आणि व्यक्तीनुसार हा अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. बाविसाव्या दिवशी जुनी धारणा पुन्हा आली म्हणून स्वतःला दोषी मानणारे दोन जण आमच्याच गटात होते. हा दावा काढून टाकला असता तर त्यांचा तो त्रास वाचला असता.

सर्वांत गंभीर तक्रार साप्ताहिक सत्रांबद्दल आहे. कोणी शंका काढली की ‘हीच तुमची मर्यादित धारणा बोलते आहे’ असे उत्तर येते. या उत्तराला उत्तर नाही, आणि म्हणूनच ते वाईट आहे. जो अभ्यासक्रम चौथ्या आठवड्यात मला प्रत्येक समजूत तपासून पाहायला शिकवतो, तो स्वतःच्या समजुतींना तपासणीतून सूट देतो. एका सहभागी व्यक्तीने नोकरीच्या ठिकाणी होणाऱ्या उघड पक्षपाताबद्दल सांगितले, तेव्हा तिलाही धारणा बदलायला सांगण्यात आले. प्रत्येक मर्यादा मनात नसते. काही मर्यादा दारावरच्या कुलपासारख्या असतात आणि कुलपाशी कितीही सकारात्मक बोलले तरी ते उघडत नाही. शिवाय दीर्घकाळची उदासी, झोप उडणे, जगणे नकोसे वाटणे असे काही असेल तर तज्ज्ञांकडे जावे, ही सूचना कार्यपुस्तिकेत आहे खरी, पण ती शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत. ती पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या मिनिटात असायला हवी होती.

हा अभ्यासक्रम कोणी घ्यावा? ज्यांची अडचण एका ठरावीक कामाशी बांधलेली आहे, म्हणजे बोलणे, नवे काही शिकणे, नकार देणे, मदत मागणे यांपैकी काही, आणि ज्यांना त्या कामाच्या छोट्या छोट्या संधी आठवड्यातून दोन-तीनदा मिळू शकतात, त्यांना चौथा आणि पाचवा आठवडा खरोखर उपयोगी पडेल. ‘मी एकूणच निरुपयोगी आहे’ अशी ज्यांची भावना आहे त्यांनी पहिल्या दोन आठवड्यांच्या वाटेला जाऊ नये. सुदैवाने सर्व ध्वनिमुद्रणे पहिल्याच दिवशी खुली होतात, त्यामुळे थेट चौथ्यापासून सुरुवात करता येते. अ‍ॅप मात्र वगळलेल्या भागांची आठवण करून देत राहते आणि ती सूचना बंद करण्याची सोय तीन पडदे आत दडवलेली आहे. तक्त्यासाठी अ‍ॅप वापरू नये. त्यात खात्रीचा आकडा नंतर बदलता येतो, आणि मी एकदा तो बदललाही होता. तेव्हापासून मी साधी वही आणि शाईचे पेन वापरते.